मापटंभर उदासी

बनाबाई रेणुसेंना तीव्र नैराश्य आहे असं कॉम्प्युटरनं ठरवलं, आणि ते त्यांना समजावून सांगायला शेफालीला पासलीला पाठवण्यात आलं.

शेफाली दामगुडे भोरच्या एका कॉलेजात तासिकेवर मानसशास्त्र शिकवायची. तासिकेवर म्हणजे जूनमध्ये बोलावलं तर यायचं, एप्रिलमध्ये सांगितलं की जायचं, आणि मधल्या काळात पोरांकडून मॅडम म्हणवून घ्यायचं. बोलावणं आणि न बोलावणं विभागप्रमुखांच्या हातात, म्हणजे इंद्रजित सरांच्या. सरांना विद्यापीठाकडून एक संशोधन प्रकल्प मिळाला होता. धरणात जमिनी गेलेल्या माणसांच्या मनाची अवस्था, संख्यात्मक पद्धतीनं. संख्यात्मक म्हणजे कुणाची कहाणी सांगायची नाही, आकडा सांगायचा. धरणाचं गाव म्हणून गुंजवणे घेतलं, आणि तुलनेला, जिथली जमीन जागेवर आहे असं पासली. प्रकल्प सरांनी लिहिला आणि गावं शेफालीनं तुडवली. याची तिला तक्रार नव्हती. संशोधन असंच चालतं, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

प्रश्नावलीत वीस प्रश्न. गेल्या महिन्यात झोप लागली नाही असं झालं का, अन्नावरची वासना उडाली का, कारण नसताना रडू आलं का, जगण्यात राम नाही असं वाटलं का. प्रत्येकाला उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. शून्यापासून चारापर्यंत गुण. बेरीज जितकी मोठी, माणूस तितका दुःखी. बेरीज एका हद्दीच्या वर गेली तर त्या माणसाला घरी जाऊन भेटायचं आणि उपचाराची वाट दाखवायची, असा नियम. नियम चांगला आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. दोन्ही गावांत मिळून अशी माणसं निघाली बारा, आणि बाराच्या बारा पासलीची. पहिला नंबर बनाबाईंचा. ऐंशीपैकी ऐंशी.

इतके गुण सरांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. ते खरोखर घाबरले. म्हातारी जिवाचं बरंवाईट करून घेईल, उद्याच्या उद्या जा, म्हणाले.

हे ऐंशी गुण कसे भरले ते कळायला मागं जावं लागेल, मार्गशीर्षात. भात झोडून झालं होतं, घराघरांत कणग्या भरलेल्या होत्या. गुंजवण्याचं काम आटोपून शेफाली पासलीत आली ती पहिल्यांदा बनाबाईंच्याच ओट्यावर. बाई तांदूळ मोजत बसल्या होत्या. शेफालीनं छापील कागद काढला, पहिला प्रश्न वाचला, पाच उत्तरं वाचली. बनाबाईंनी शांतपणे विचारलं की क्वचित आणि कधीकधी यांत फरक कितीचा. शेफाली सांगायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही माहीत नाही. मानसशास्त्रात एम.ए. झालेली बाई. मग समोर मापटं होतं, तांदूळ मोजायचं पितळी भांडं, ते उचललं आणि म्हणाली, आजी, शब्द राहू द्यात. हे रिकामं म्हणजे अजिबात नाही. शिगोशीग म्हणजे रोजच्या रोज. तुम्हाला जेवढं वाटतं तेवढे तांदूळ घालून दाखवा.

हे बनाबाईंना लगेच समजलं. म्हणजे शेफालीला वाटलं, समजलं. बाईंनी पहिल्या प्रश्नाला मापटं शिगोशीग भरलं आणि सुपात ओतलं. दुसऱ्याला शिगोशीग भरलं, सुपात ओतलं. विसाव्या प्रश्नाला सूप ओसंडून खालच्या पाटीत तांदूळ पडायला लागले होते. शेफालीनं विसाव्यांदा चार लिहिले. एवढं दुःख घेऊन ही बाई हसतमुखानं बसलीय, तिला वाटलं, आपल्याला शिकवलेलं सगळं खरं आहे.

निघताना बनाबाईंनी ते सगळे तांदूळ तिच्या पिशवीत ओतले. ती नको नको म्हणाली. बाई म्हणाल्या, कणगीतून काढून पाहुण्यादेखत मापलेलं धान्य माघारी कणगीत जात नाही. शेफालीही शेतकऱ्याचीच पोर, आंबवड्याकडची. ही रीत तिच्या आजीच्या घरी होती. तिनं पिशवी पुढं केली.

दुसऱ्या घरी ती पोचेपर्यंत तिथं सूप आणि मापटं ओट्यावर मांडून तयार. तिसऱ्या घरी चहाही तयार. शेफालीला फार बरं वाटलं. गुंजवण्यात लोकांनी तोंडं उघडायला दमवलं होतं, आणि इथं बाया हाका मारून घरात बोलवत होत्या. तिनं वहीत नोंद केली: सहकार्य उत्तम. कुठं अर्धं मापटं, कुठं पाऊण, कुठं चिमूटभर. ती गुण टाकत गेली. आठवडाभरात साठ माणसं झाली, आणि शेवटी तांदूळ भोरला न्यायला दुधाच्या टेम्पोवाल्याची मिनतवारी करावी लागली. इंद्रायणी होता. विभागात पोती उतरवली तेव्हा खोलीभर वास सुटला. सरांनी सगळी हकिकत ऐकली, खूश झाले, नवी पद्धत म्हणाले, आणि एक पिशवी घरी नेली.

मग आकडे कॉम्प्युटरमध्ये गेले. गुंजवणे: सरासरी सहा. पासली: सरासरी एकेचाळीस. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली ती माणसं मजेत, आणि ज्यांचं काहीच गेलं नाही ती दुःखात बुडालेली. सरांनी तो तक्ता तीनदा पाहिला. त्यांना त्यात शंका दिसली नाही, नाव दिसलं. हा फरक योगायोगानं येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे, असं ते सगळ्या स्टाफरूमला सांगत सुटले. निबंधाचं शीर्षकही ठरलं: धरणविस्थापितांची मानसिक लवचिकता. माणसाला घरातून उठवा, तो वाकतो, मोडत नाही. हे ऐकायला उत्सुक असणाऱ्यांचा या देशात तोटा नाही. पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या एका साहेबांनी तर सरांना फोन करून अभिनंदन केलं आणि निबंधाची प्रत मागितली.

तर आता फेब्रुवारी, आणि शेफाली पासलीला निघालेली. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्यात पुन्हा बदलली. वेल्हे तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालंय, पण कंडक्टर वेल्हेच म्हणतो आणि तिकीट देतो. वाटेत तिनं पाठ केलेलं मनात घोळवलं. घाई करायची नाही, उपदेश करायचा नाही, डोळ्यांत पाहायचं, मौनाला घाबरायचं नाही.

बनाबाई पेंढ्याच्या उडवीवर उभ्या होत्या. दोन पुरुष उंचीची उडवी, तिच्या टोकावर सत्तरीची बाई, पदर खोचलेला. शेफाली धावतच उडवीपाशी गेली.

"आजी, आधी खाली उतरा."

"उतरते की. का, माज्यासाठी एसटी थांबवून आलीस व्हय?"

बाईंनी दोन पेंढ्या खाली भिरकावल्या, मग घसरत स्वतः आल्या. चहा झाला. शेफालीनं सुरुवात केली की मनात काही साठलं असेल तर मोकळं करा. बनाबाई म्हणाल्या की मन मोकळंच आहे, तुझं काय ते सांग, लगीन जमंना का? शेफाली म्हणाली माझं नाही, तुमचं. बाई म्हणाल्या माझं झालंय. असं थोडा वेळ चाललं. शेवटी शेफालीनं पाठ केलेलं बाजूला ठेवलं.

"आजी, त्या दिवशी मी विचारलं, झोप लागत नाही असं होतं का. तुम्ही मापटं शिगोशीग भरलंत. खरंच झोप लागत नाही?"

"लागती की. पडले की मेले. सून म्हनती, घर पडलं तरी म्हातारी उटायची न्हाई."

"आणि जेवण?"

"आत्ता दोन भाकरी खाल्ल्या."

"मग मापटं का भरलंत?"

वाईट वाटू नये म्हणून माणूस सावकाश बोलतो तशा बनाबाई सावकाश बोलल्या.

"लेकी, तू भोरवरनं उनातानाची आलीस. येक सवाल इचारला आन् माप म्होरं केलंस. मंग म्या काय त्ये मोकळं ठिवू? दारात आलेल्या पोरीला मोकळं माप दावत्यात का?"

"पण ते तांदूळ तुमच्या दुःखाचे होते."

"आता दुक्काचे का सुकाचे, त्ये भातालाच ठावं. वटीत तर तुज्याच पडले न्हवं?"

बनाबाईंनी मग आपणहून बाकीचं सांगितलं. पहिल्या घराचं बघून दुसऱ्या घरानं जाणलं, की एक पोरगी आलीय, वीस सवाल करते आणि सवालागणिक मापटं पुढं करते. कुणी म्हणे कॉलेजातल्या गरीब पोरांच्या जेवणाला, कुणी म्हणे कसली वर्गणी. विचारायचं कसं? मागणाऱ्याला कारण विचारत नाहीत. ज्याच्या घरात भरपूर, त्यानं भरून घातलं. ज्याला ओढाताण, त्यानं अर्धं. बनाबाईंच्या शेजारणीनं तर तेरा प्रश्नांनंतर सुनेला उसने आणायला पिटाळलं होतं, आणि ते उसने अजून फिटले नव्हते.

पासलीची सरासरी एकेचाळीस म्हणजे काय होतं, ते आता शेफालीला समजलं. गावात दुःख मोजलंच गेलं नव्हतं. मोजली गेली होती माणसांची दानत. हेच काम श्रावणात केलं असतं, कणग्यांचा तळ लागलेला असताना, तर पासली आनंदात नाहून निघाली असती आणि सरांनी त्यावरही निबंध लिहिला असता.

मग तिला आनंदराव आठवले. गावातलं सगळ्यांत मोठं घर, दारात ट्रॅक्टर, आणि वीसच्या वीस प्रश्नांना मापट्याच्या बुडाशी चिमूटभर दाणे. तिनं ते शून्य धरले होते. पासलीतला सगळ्यांत सुखी माणूस म्हणून निबंधात त्यांचा वेगळा उल्लेख होता, नाव न घेता.

"आनंदराव?" बनाबाई म्हणाल्या. "त्यो बोटाच्या फटीतनं दाना सांडू देत न्हाई. आन् सुकी कसला? ल्योक बोलत न्हाई त्येच्याशी, तीन वरसं झाली. वट्यावर बसून रडतंय म्हातारं, येनारंजानारं बगतंय."

परतीच्या एसटीत शेफालीला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. पासलीचं उलगडलं तसं गुंजवण्याचंही उलगडायला लागलं. तिथं तिनं कागद जसाच्या तसा वाचला होता, तांदूळबिंदूळ काही नाही, सगळं नियमानं. पण ओळख करून द्यायला म्हणून पुनर्वसनाच्या त्याच साहेबांच्या कचेरीतला एक माणूस सोबत आला होता आणि प्रत्येक घरी शेजारी बसून चिवडा खात होता. ज्यांचे बदली जमिनीचे अर्ज त्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडलेले, त्यांना शेफाली विचारत होती की तुम्हाला रडू येतं का. कुंडलिकतात्या म्हणून एक म्हातारा होता. त्याचं चार खाचरांचं रान धरणात गेलेलं. तो त्या माणसाच्या चिवड्याकडं बघत म्हणाला होता, समदं बेस हाय. विसाही प्रश्नांना तेच. तिनं वीस शून्यं टाकली होती आणि पुढच्या घरी गेली होती.

हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं सांगितलं. सर पहिल्यांदा हसले. मग हसायचे थांबले. मग उठून दार लावलं.

त्यांनी तिची समजूत काढली, आणि खरं सांगायचं तर नीट काढली. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, प्रत्येक सर्वेक्षणात असं काही ना काही असतंच. कुठं कुत्रं भुंकतं, कुठं सासू बसलेली असते, कुठं लाईट जाते. सगळं लिहीत बसलं तर निबंधाची कादंबरी होईल. निबंधात पद्धतीला जागा दोन ओळींची: प्रमाणित प्रश्नावली वापरून प्रत्यक्ष मुलाखतीतून माहिती गोळा केली. यात खोटं एकही अक्षर नाही. प्रश्नावली प्रमाणित होती, मुलाखत प्रत्यक्ष होती.

"आणि तांदूळ?"

"तांदूळ निबंधात येत नसतात, शेफाली."

"मग वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"वाचणारा निष्कर्ष वाचतो. तूही तेच करतेस."

ही गोष्ट खरी होती, म्हणून तिला जास्त लागली. ती म्हणाली, सर, एफ.वाय.च्या पोरांना तुम्हीच सांगता, की अहवाल असा लिहा की तो वाचून परक्या माणसाला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. सर म्हणाले, वर्गात सांगायच्या गोष्टी वर्गात. आणि मग, अगदी जाता जाता, टेबलावरचे कागद सारखे करत, त्यांनी विचारलं की जूनच्या तासिकांचं तिचं काय ठरलंय. म्हणजे ते यादी करणार होते म्हणून विचारलं.

ती घरी गेली आणि लिहायला बसली. दोन ओळींच्या जागी दोन पानं झाली. भाषा तिनं निबंधाचीच ठेवली, कारण दुसरी चालत नाही. पासली येथे उत्तरदात्यांनी उत्तरे तांदळात दिली. ही पद्धत आधी कुठेही तपासून पाहिलेली नव्हती. ती संशोधक साहाय्यिकेने जागेवर काढली. तांदूळ उत्तरदात्यांचेच होते. ते देणगी म्हणून मागितले जात आहेत असा उत्तरदात्यांचा समज झाला, व तो समज होण्यास साहाय्यिकेचे वर्तन कारणीभूत ठरले. मुलाखतीनंतर तिने तांदूळ स्वीकारले. गुंजवणे येथे मुलाखतींच्या वेळी, उत्तरदात्यांचे अर्ज ज्याच्याकडे प्रलंबित आहेत असा कर्मचारी हजर होता. दोन गावांत दोन पद्धती वापरल्या असल्याने गुणांची तुलना करता येत नाही. पासली येथे सर्वांत कमी गुण मिळालेल्या उत्तरदात्याविषयी शेजाऱ्यांकडून कळलेली माहिती त्याच्या गुणांशी विसंगत आहे. जमा झालेल्या तांदळांपैकी एक पिशवी प्रकल्पप्रमुखांनी घरी नेली.

सरांनी ती पानं वाचली. शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे कशाला?"

"नेली होतीत ना, सर."

सरांनी पानं परत दिली आणि सांगितलं की कॉलेजात या निबंधावर परिसंवाद आहे, त्यात दोन ओळींचीच पद्धत वाचायची. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तासिकेवरच्या माणसाचं मौन म्हणजे होकारच, असं सरांनी धरलं. सर्वेक्षणात त्यांची सवय तशीच होती.

परिसंवाद मार्चअखेरीला झाला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत ते पुनर्वसनाचे साहेब, त्यांच्या मागं प्राध्यापक, त्यांच्या मागं पोरं, आणि शेवटच्या रांगेत शोभेला म्हणून आणलेले गुंजवण्याचे पाचसहा जण. त्यांना गुलाबाचं एकेक फूल दिलं होतं, आणि ते हातात धरून ते ताठ बसले होते. कुंडलिकतात्या कडेला. साहेबांनी वार्ताहरांसाठी चिठ्ठी आधीच छापून आणली होती: धरणग्रस्त इतरांपेक्षा समाधानी, संशोधनाचा निष्कर्ष. पडद्यावर दोन खांब दाखवलेले. गुंजवण्याचा बुटका हिरवा, पासलीचा उंच लाल.

सरांनी प्रस्तावना केली आणि निष्कर्ष स्वतःकडं ठेवून पद्धतीपुरतं शेफालीला पुढं बोलावलं. पद्धत हा भाग कुणी ऐकत नाही. पोरं मोबाईल काढतात.

शेफालीनं दोन ओळींचा कागद टेबलावर ठेवला आणि पर्समधून दोन पानं काढली. तिचा आवाज हजेरी घेताना असतो तसा सपाट होता. तांदूळ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मागं कुणीतरी हसलं. देणगीचा आला तेव्हा बरेच हसले. चिवडा तिनं लिहिला नव्हता, पण कर्मचारी हा शब्द आला तेव्हा गुंजवण्याच्या रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवून तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाकडं पाहिलं, आणि मग बाकीच्या हॉलनंही पाहिलं. तो माणूस चष्मा पुसायला लागला. सर तिला थांबवायला अर्धवट उठले आणि अर्धवटच राहिले, कारण माईक तिच्या हातात होता. तिनं पिशवीचं वाक्यही वाचलं. सगळं वाचलं.

मग साहेबांनी प्रश्न विचारला, आणि साहेब म्हणून विचारला.

"म्हणजे मॅडम, गुंजवण्याचे लोक समाधानी आहेत की नाहीत?"

"माहीत नाही."

"आणि पासलीचे?"

"तेही माहीत नाही."

"एवढा खर्च करून, एवढे दिवस फिरून, तुम्हाला माहीत नाही?"

"हो. तेच लिहिलंय."

समाधानी म्हटलं असतं तर छापता आलं असतं, दुःखी म्हटलं असतं तर खोडता आलं असतं. माहीत नाही याचं काय करतात, हे साहेबांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. छापलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या शिपायानं परत पिशवीत भरल्या. सरांनी आभार मानले, त्यात शेफालीचं नाव आलं नाही. पडद्यावरचे दोन खांब बंद करायला कुणाला सुचलं नाही. चहा संपेस्तोवर ते तसेच उभे होते.

निबंध छापला गेला नाही. एवढ्या माणसांनी ऐकल्यावर तो छापायची सोय उरली नव्हती. सरांनी प्रकल्पाचा अहवाल विद्यापीठाला पाठवला, त्यात दोन्ही गावांची माहिती वेगवेगळ्या प्रकरणांत टाकली आणि तुलना गाळली. शेफालीची दोन पानं परिशिष्टात गेली, सगळ्यांत मागं, बारीक टायपात. तांदळाची पिशवी तेवढी गळाली. आणि जूनच्या तासिकांची यादी लागली, तेव्हा मानसशास्त्राच्या पुढं दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. शेफालीनं यादी शेवटपर्यंत वाचली. मग शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रश्नावलीच्या कोऱ्या प्रती काढल्या.

त्या घेऊन ती गुंजवण्याला गेली. पत्र नाही, साहेबाचा माणूस नाही, प्रकल्प नाही. राजगड किल्ल्याच्या पायथ्याला गाडीनं सोडलं तिथून चालत तात्याच्या घरी. म्हातारा पडवीत खुरपं परजत बसला होता.

"आता कुनी धाडली?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. मागचं चुकलं होतं, तेच पुन्हा विचारायचंय."

"छापनार?"

"माहीत नाही."

तात्याला हे उत्तर चालल्यासारखं दिसलं. त्यानं खुरपं खाली ठेवलं, बस म्हणाला. तिनं कागद काढला तेव्हा त्यानं हात आडवा केला आणि विचारलं की सवालाच्या आधी वर काय लिहिणार. शेफालीनं वाचून दाखवलं: तारीख, गाव, मुलाखत घेणारीचं नाव, प्रश्न तोंडी वाचले, उत्तरं तोंडी घेतली, तिसरा माणूस हजर नव्हता.

"खोटं लिवलंस," तात्या म्हणाला. "सून हाय की चुलीपाशी. तिला समदं ऐकू जातं. तिच्यादेखत म्या रडतो म्हनून सांगायचो न्हाई. त्ये लिव."

शेफालीनं शेवटचे शब्द खोडले आणि लिहिलं: सून आत चुलीपाशी होती, तिला ऐकू जात होतं, उत्तरं त्या हिशेबानं वाचावीत. तिनं ते त्याला वाचून दाखवलं.

आतून सुनेचा आवाज आला. "म्या जरा भाईर जाऊ का, मामा?"

"नगं. बस. लिवलंय तिनं तसं," तात्या म्हणाला. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पाय आखडून घेतले आणि नीट बसला.

"हं. आता इचार."